माळकरी घर आणि अ‍ॅनिमल हाउस : संशोधन करताना आपल्या श्रद्धेचं, नीतीचं काय करायचं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. इथे बराच काळ नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, विषय सांध्यांच्या सुजेवरचं एक संभाव्य औषध. आमच्याकडे आजोबांच्याही आधीपासून वारी आहे, घरात सगळे माळकरी, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, आणि मी मात्र आठवड्यातले बरेच दिवस अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, असते. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. सुजेवरचं औषध तपासायचं तर विस्टार जातीच्या मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) मागच्या पंजात कॅराजिनन टोचतात, हे समुद्री शेवाळातून काढलेलं द्रव्य असतं, थोड्या वेळात पंजा सुजायला लागतो, मग औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांची सूज ठरावीक तासांनी मोजत राहायची. शेवटी पंजाच्या ऊती तपासायच्या असतात म्हणून उंदीर मारावे लागतात. हे सगळं प्राण्यांवरचे प्रयोग तपासणाऱ्या संस्थेच्या समितीने मंजूर केलेल्या पद्धतीने होतं, वेदना कमीत कमी होतील असं बघूनच होतं, बेकायदा काही नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही.

तरी मला ते जड जातं, आणि ते जड जातं हे सांगितलं की दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे लॅबच्या दाराशी घरचे विचार काढून ठेवायचे, आत आल्यावर फक्त विज्ञान. दुसरा म्हणजे एवढं वाटतं तर हे सोड आणि सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, काम कर. मला दोन्ही पटत नाहीत. पहिला पटत नाही कारण ज्याला आतून काहीच टोचत नाही तो प्रयोग आखताना हाही ग्रुप घेऊ, तोही डोस बघू असं सहज म्हणून जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरा पटत नाही कारण मी सोडलं तरी संधिवाताची गोळी आमच्याच घरात रोज घेतली जाते आणि ती गोळीही कुणीतरी, कधीतरी, कशावर तरी तपासलेलीच आहे. म्हणजे मी हात धुऊन घ्यायचे आणि फायदा मात्र घरात ठेवायचा.

सध्या मी इथवर आलेय की हा त्रास दाबून टाकायचा नाही आणि त्याचं अवडंबरही करायचं नाही, तो प्रोटोकॉलमध्ये उतरला पाहिजे. म्हणजे मला भूतदया शिकवली असेल तर ती किती उंदीर घेतले, कसे हाताळले, कधी थांबले यात दिसायला हवी, कपाळाच्या गंधात नुसती दिसून उपयोग नाही. पण हे एकटीने ठरवलेलं आहे, त्याला कुणी धक्का दिलेला नाही. इथे संशोधनातले बरेच जण आहेत. तुम्ही तुमच्या श्रद्धा, तुमची नीती आणि तुमचं काम यांचं कसं जमवता? फक्त प्राण्यांबद्दल नाही, अणू असो, लस असो, आकाश असो, कशाबद्दलही लिहा.

निळी_शाई

फार प्रामाणिक लिहिलंयस. वाचतेय, सविस्तर नंतर.

अणुरेणू

धागा आवडला. मी बरीच वर्षं सेल कल्चरमध्ये काढली आहेत म्हणून त्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल आधी बोलतो. सेल लाइनवर गेलं की प्रश्न मिटला असं सांगणाऱ्यांनी त्या पेशी कशावर वाढतात ते बघावं. मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, साधारण दहा टक्के एफबीएस घालायची पद्धत आहे, आणि एफबीएस म्हणजे गाभण गाय कत्तलखान्यात कापली जाते तेव्हा तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेलं सीरम. मॅट्रिजेल म्हणून जी जेल वापरतात ती उंदरांमध्ये वाढवलेल्या ट्यूमरपासून बनते. मी स्वतः घरच्या संस्कारांमुळे प्राण्यांवरचं काम टाळून इकडे आलो आणि हे कळल्यावर काही दिवस सुन्न होतो. सीरम नसलेला मीडिया आता मिळतो, माणसाच्या प्लेटलेटपासून केलेला पर्यायही आहे, पण महाग पडतो आणि सगळ्याच पेशी त्यावर नीट वाढत नाहीत. सांगायचा मुद्दा हा की जीवशास्त्रात पूर्ण स्वच्छ हाताची जागा नाहीये, प्राणी फक्त नजरेआड होतो.

म्हणून तुझं प्रोटोकॉलमध्ये उतरायला हवं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी जी त्रिसूत्री मांडली, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ती आपल्याकडे समितीच्या फॉर्ममध्ये भरायच्या तीन रकान्यांपुरती उरलीय बऱ्याच ठिकाणी. पण ती खरोखर राबवली तर केवढा फरक पडतो बघ. छोट्या जातीच्या उंदराला (माउसला) शेपटीला धरून उचललं की तो घाबरतो, हाताळणाऱ्याला टाळायला लागतो, आणि तोच उंदीर नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचलला तर त्याची भीती कमी होते, हे २०१० मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलंय. म्हणजे एक प्लॅस्टिकची नळी, खर्च जवळपास शून्य, प्राण्याला त्रास कमी आणि घाबरलेला प्राणी नसल्यामुळे तुझी आकडेवारीही जास्त विश्वासाची. इथे दया आणि चांगलं विज्ञान वेगळं काढताच येत नाही.

संख्येबद्दल मात्र एक सावधगिरीचं. दया म्हणून उंदीर कमी घेतले आणि ते इतके कमी झाले की निष्कर्षच निघेना, तर जे घेतले तेही फुकट गेले. कमीत कमी याचा अर्थ पुरेशातले कमीत कमी. संख्याशास्त्रवाल्यांकडे प्रयोगाच्या आधी जायचं, नंतर नाही, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी जीवदया आहे.

डोंगरवाट

मी नास्तिक आहे आणि मलाही उंदीर मारताना त्रास व्हायचा, तेव्हा याचा माळेशी संबंध आहे असं मला वाटत नाही. पण धाग्यात जो मोठा प्रश्न आहे तो कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. प्रयोग कसा केला याच्या आधी, तो करायचाच कशाला? आपल्याकडे एमफार्मचे किती प्रबंध असे आहेत की अमुक पानाचा अर्क घ्या, कॅराजिनन टोचा, सूज कमी झाली असं दाखवा, प्रबंध बांधा, कपाटात ठेवा. पुढे त्या अर्कातलं नेमकं काय काम करतं हे कुणी बघत नाही, कारण पदवी मिळालेली असते. तिथले उंदीर नियमाप्रमाणेच मेले, सगळे कागद बरोबर होते, आणि तरीही ते कशासाठी मेले याला उत्तर नाही. नियम पाळणं आणि नीती यात हे एवढं अंतर आहे.

माझ्यासाठी या विषयातला माणूस म्हणजे जोसेफ रॉटब्लाट. पोलंडचा ज्यू, अणुबॉम्बच्या प्रकल्पात लॉस अ‍ॅलामॉसला होता, त्याची बायको पोलंडमध्येच अडकली आणि नाझींच्या संहारात गेली, म्हणजे हिटलरविरुद्ध बॉम्ब हवा असं वाटायला त्याच्याइतकं कारण फार थोड्यांना असेल. तो मनाला काय सांगून तिथे गेला होता, तर जर्मनी बॉम्ब बनवतंय म्हणून आपल्याकडे असायला हवा, म्हणजे कुणीच वापरणार नाही. १९४४ च्या अखेरीस जर्मनीने तो नाद सोडलाय हे कळलं आणि रॉटब्लाट प्रकल्प सोडून निघाला. ज्या कारणासाठी आलो ते कारण संपलं, मग थांबायचं कशाला, एवढा साधा हिशेब, पण तिथल्या एवढ्या मोठमोठ्या डोक्यांपैकी तो हिशेब त्या वेळी करून त्या कारणासाठी निघालेला तो एकटाच. त्याच्यावर हेरगिरीचा संशयही घेतला गेला. नंतर तो किरणोत्साराच्या वैद्यकीय वापराकडे वळला, १९५५ च्या अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर (हा रसेल म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल) त्याची सही आहे, १९५७ पासून अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदा, आणि १९९५ मध्ये शांततेचं नोबेल. लिझ माइट्नर तर मुळात गेलीच नाही, अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्यांपैकी ती एक, बोलावणं आलं आणि तिने बॉम्बशी काही देणंघेणं ठेवायचं नाही म्हणून साफ नकार दिला.

रॉटब्लाटकडून घ्यायचं ते असं वाटतं मला की सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, मी हे कशासाठी करतोय आणि काय झालं तर थांबेन. नाहीतर काम पुढे सरकत राहतं आणि कारण कधी गळून पडलं ते कळतही नाही.

आकाशवेडा

डोंगरवाट, रॉटब्लाटबद्दल सहमत, पण ती नीतीची गोष्ट झाली. श्रद्धेची गोष्ट जरा वेगळी आहे आणि धाग्यात दोन्ही एकत्र मिसळतायत असं वाटतं. नीती प्रयोगाच्या टेबलावर हवी, ती नसेल तर अनर्थ होतो. श्रद्धा, किंवा अश्रद्धासुद्धा, त्या टेबलावर नको. ती माणसाच्या मनात खुशाल असू दे.

याचं माझं आवडतं उदाहरण जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, १९२३ मध्ये दीक्षा घेतलेला, आणि १९२७ मध्ये याच माणसाने विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मांडलं, १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली, जी पुढे बिग बँग म्हणून ओळखली गेली. आता पाद्र्यानेच विश्वाला सुरुवात आहे म्हटल्यावर सगळ्यांना वाटणार की हा बायबलच समीकरणात घालतोय. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल नास्तिक, त्याला ही कल्पना अजिबात रुचली नाही, बिग बँग हे नाव १९४९ मध्ये बीबीसीवर त्यानेच वापरलं. गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने भाषणात या सिद्धांताचा उल्लेख निर्मितीला दुजोरा म्हणून केला, चर्चच्या दृष्टीने केवढा आनंदाचा क्षण, आणि लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की हा भौतिकशास्त्राचा सिद्धांत आहे, त्याचा देव असण्यानसण्याशी संबंध जोडू नका. स्वतःच्या धर्मगुरूला, स्वतःच्या बाजूने बोललेल्या वाक्याबद्दल, नको म्हणायचं. उद्या सिद्धांत चुकीचा निघाला तर तुमची श्रद्धाही चुकीची ठरणार का, हा प्रश्न त्याला दिसत होता.

आणि इकडे आपले जयंत नारळीकर, हॉइलचे विद्यार्थी, बिग बँगच्या विरुद्ध बाजूला आयुष्यभर उभे. त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती आठवतेय का? २००८ च्या सुमारास, अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांच्यासोबत. २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी बौद्धिकदृष्ट्या अक्षम. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर यायचं प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के आलं असतं. निकाल सगळ्यांना माहीत आहे पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. नारळीकरांचं ज्योतिषाबद्दलचं मत जगजाहीर होतं. म्हणून कुठली पत्रिका कुणाची हे ज्योतिषांना तर माहीत नव्हतंच, चाचणी घेणाऱ्यांनाही कळणार नाही अशी रचना केली होती. म्हणजे त्यांनी स्वतःच्या मतापासूनही प्रयोगाला जपलं. लमेत्रने आपला देव बाहेर ठेवला, नारळीकरांनी आपली अश्रद्धा बाहेर ठेवली.

सोनचाफा

आकाशवेडा, टेबलावर काय हवं आणि काय नको हे फार उपयोगी पडलं. पण माझ्या बाबतीत एक अडचण आहे. माझी नीती आली कुठून? आमच्या घरी लहानपणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजल्याची गोष्ट कितीदा ऐकलीय, भूतदया मी नीतिशास्त्राच्या पुस्तकातून नाही शिकले. तेव्हा श्रद्धा बाहेर आणि नीती आत असं दारात उभं राहून वेगळं करता येईल का मला? डोंगरवाट म्हणतात त्यांना माळेशिवायही त्रास व्हायचा, मान्य, पण माझा त्रास या वाटेने आलाय.

डोंगरवाट, कपाटातल्या प्रबंधांबद्दल लिहिलंत ते लागलं. खरं आहे.

कृष्णाकाठ

मी पशुवैद्य. सगळे उंदरांवर बोलताय तर मी घोड्यांवर बोलतो. साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते घोड्यापासून तयार होतं हे गावाकडं पण फार कमी लोकांना माहीत असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांचं विष अगदी थोडं थोडं, मात्रा वाढवत घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, मग रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करायचा, बऱ्याच ठिकाणी लाल पेशी परत घोड्याच्या शरीरात सोडतात, मधे विश्रांती द्यायची आणि पुन्हा तेच. घोडा मरत नाही पण त्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या विषापायी जातं.

आता मी ऊसपट्ट्यातला माणूस. रात्रीच्या लाइटला पाणी पाजायला गेलेला शेतकरी घोणस चावून दवाखान्यात येतो आणि त्या चार बाटल्यांवर त्याचं घर वाचतं हे मी जवळून पाहिलंय. त्या वेळी घोड्याचा विचार कुणाच्याच मनात येत नाही, माझ्याही नाही. पण तबेल्यात उभा राहिलो की येतो. मग मी काय करतो, तर घोड्याचं हिमोग्लोबिन बघतो, टोचलेल्या जागी गळू झालंय का बघतो, आणि या वेळी याचं रक्त काढायचं नाही असं ठामपणे सांगतो. असं सांगितल्यावर वरून दबाव येतो, उत्पादन थांबतं म्हणून. तरी सांगायचं. माझी पूजाअर्चा काही नाही, बैलपोळ्याला जनावरासमोर हात जोडतो तेवढंच, पण नाही म्हणायचं बळ तिथूनच येतं माझं. तेव्हा सोनचाफाताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, माझीही नीती घरातूनच आलीय, मग मी ती दारात काढून कशी ठेवू?

आणि बदल होतो हेही सांगतो. कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची आठवण चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना असेल. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, मेंढ्या तर जायच्याच आणि घेणाऱ्या काही माणसांना मज्जासंस्थेचे गंभीर त्रास व्हायचे. पेशींवर वाढवलेल्या नव्या लसी आल्या आणि २००५ च्या सुमारास आपल्या देशातून ती जुनी लस बंद झाली. प्राणी वाचला आणि माणसाचंही भलं झालं.

मास्तर_सातारकर

चर्चा उत्तम चालली आहे. मी विज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. हाफकिनचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं म्हणून लिहितो.

वॉल्डेमार हाफकिन, ओडेसाचा ज्यू. रशियात ज्यू म्हणून पुढची वाट बंद होती, धर्म बदलला असता तर उघडली असती, त्याने तो बदलला नाही. पॅरिसला गेला, कॉलऱ्याची लस केली, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याला इथे बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत काही महिन्यांत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना, जे तयार झाले त्यांना. मी वर्गात ही गोष्ट सांगत असे तेव्हा मुलं स्वतःला टोचून घेतलं यावर थांबत. मला मात्र पुढच्या वाक्यावर थांबावंसं वाटे. स्वतःवर प्रयोग केला म्हणजे दुसऱ्यावर करायचा अधिकार मिळतो का? आणि तुरुंगातला माणूस हो म्हणतो तेव्हा ते हो किती मोकळं असतं? आज कैद्यांवर प्रयोग करायचा म्हटलं तर समिती दहा प्रश्न विचारील, आणि विचारायलाच हवेत. हाफकिनच्या काळी हे प्रश्न फारसे कुणी मांडत नव्हते, पण त्याने एक गोष्ट सांभाळली, त्याची लस लोकांच्या इच्छेवर होती.

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं ते आठवा. प्लेग रोखायचा हेतू, पण सैनिक घराघरांत घुसतायत, देवघरात जातायत, बायकांची तपासणी परके पुरुष करतायत. लोकांच्या श्रद्धेला आणि अब्रूला काडीची किंमत न देता राबवलेलं सार्वजनिक आरोग्य. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडण्यात झाला. तेव्हा श्रद्धा टेबलावर नको हे आकाशवेडा यांचं म्हणणं संशोधकाच्या स्वतःच्या श्रद्धेपुरतं मान्य. ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्या श्रद्धेला मात्र टेबलावर जागा द्यावीच लागते.

हाफकिनचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले, सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. ठपका हाफकिनवर आला. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे पुढे मान्य व्हायला १९०७ उजाडलं, तोवर त्याची उमेदीची वर्षं गेली. आणि हा माणूस उत्तरायुष्यात अधिकाधिक धर्मनिष्ठ झाला, १९१६ मध्ये त्याने ज्यूंच्या सनातन आचाराची बाजू मांडणारा निबंध लिहिला. जंतूंचा शास्त्रज्ञ आणि सनातनी ज्यू, दोन्ही एकाच देहात, आणि परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं.

निळी_शाई

मास्तर, फार छान. मला मात्र सार्वजनिक प्रदर्शनाबद्दल विचारायचंय. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान ३ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी इस्रोची मंडळी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेली होती, तेव्हाचे अध्यक्षही सुल्लुरपेटाच्या देवळात गेले होते, तेव्हा केवढा वाद झाला होता. वैयक्तिक श्रद्धा म्हणून मला काहीच आक्षेप नाही, माणूस इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर हात जोडणारच. पण संस्थेचं यान संस्थेच्या लोकांनी देवापुढे ठेवलं की ती वैयक्तिक राहते का? त्या टीममध्ये वेगळ्या धर्माचे, देव न मानणारेही असतील, यान त्यांचंही आहे. मला हे खटकतं.

आकाशवेडा

खटकायला हवंच असं माझंही मत. गणितं बरोबर होती म्हणून २३ ऑगस्टला यान उतरलं, त्यात शंका कुणालाच नाही, देवळात गेलेल्यांनाही नाही, म्हणून कामावर परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. फक्त जायचं तर स्वतःच्या नावाने जावं.

याच संदर्भात १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल बघा. अब्दुस सलाम श्रद्धावान मुसलमान, मेजवानीच्या भाषणात कुराणातल्या आयती म्हटल्या. स्टीव्हन वाइनबर्ग कट्टर नास्तिक. दोघांनी एकमेकांपासून दूर राहून, वेगवेगळ्या वेळी, एकच सिद्धांत मांडला. समीकरणात कुठेही शोधून सापडणार नाही की कुठली ओळ श्रद्धावानाची आणि कुठली नास्तिकाची. आणि त्याच सलामना त्यांच्या देशाने, पाकिस्तानने, १९७४ मध्ये, अहमदिया म्हणून, मुसलमान मानायचं नाकारलं, कबरीवरच्या ओळीतून मुस्लिम हा शब्दही नंतर खोडला गेला. श्रद्धेपायी सोसलं एवढं, तरी ती विज्ञानात घुसू दिली नाही आणि सोडलीही नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

मांडवीतीर

आमच्या गोव्याच्या माणसाबद्दल लिहितो, दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा, १९४५ पासून टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), भाभांनी बोलावलेले. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं मॅपिंग फंक्शन, म्हणजे गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र, आजही वापरतात. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे पंडित, मुलगा मार्क्सवादी. देशाला अणुऊर्जेचं वेड लागलेलं असताना, आणि त्याच अणुऊर्जेच्या शिल्पकाराच्या संस्थेत नोकरी करताना, हे गृहस्थ जाहीरपणे सांगत होते की या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे बघावं, अणुभट्टी आपल्याला परवडणारी नाही. जागतिक शांतता चळवळीतही होते. १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आपण त्यांचा हुतात्मा करून मोकळे होऊ. गणितातल्या अजून न सुटलेल्या रीमानच्या गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी केला होता, तो टिकला नाही, आणि गणितज्ञ म्हणून त्यांची पत त्यामुळेही उतरली. दोन्ही कारणं खरी आहेत. पण सौरऊर्जेबद्दल ते साठ वर्षांपूर्वी जे बोलत होते ते आज प्रत्येक गच्चीवर दिसतंय. रॉटब्लाट बाहेर पडला, कोसंबी आत राहून बोलले. आत राहून बोलणं जास्त कठीण असं माझं मत, रोज त्याच कॉरिडॉरमधून जायचं असतं. सोनचाफा, तू जे करू बघतेस ते या दुसऱ्या प्रकारचं आहे.

डोंगरवाट

मांडवीतीर, हे पटलं. मी बाहेर पडणाऱ्यांचंच कौतुक करत होतो. आणि सोनचाफा, माळेबद्दल मी लिहिलं ते थोडं मागे घेतो. नीती कुठल्या वाटेने आली याने मला फरक पडत नाही, ती समितीपुढे कारणासकट मांडता आली पाहिजे एवढंच. माझ्या धर्मात पाप आहे हे कारण समितीत चालणार नाही, पण याच डोसची माहिती आधीच प्रसिद्ध झालीय म्हणून पुन्हा प्राणी नकोत, हे चालेल.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचत गेले तसतसं लिहूनही काढत गेले आणि काल गाइडशी बोलले. त्या आधी जरा वैतागल्या, आता मधेच काय हे म्हणून, पण दोन गोष्टी लगेच मान्य केल्या. एक म्हणजे माझ्या आराखड्यात मधला एक डोस होता, त्याच रसायनाची त्याच पद्धतीची माहिती आधीच प्रसिद्ध झालेली आहे, तो ग्रुप पूर्ण वगळायचा. तो ग्रुप का ठेवला होता याचं उत्तर आम्हा दोघींकडेही सवय याशिवाय काही निघालं नाही. दुसरं म्हणजे किती सूज आल्यावर किंवा उंदराचं वागणं कसं बदलल्यावर प्रयोग तिथेच थांबवायचा हे आकड्यांत आणि लक्षणांत लिहायचं. आधी आमच्या कागदावर अतिशय वेदना दिसल्यास एवढंच होतं, आणि अतिशय म्हणजे किती हे प्रत्येकाच्या मनावर होतं. संख्याशास्त्राच्या सरांची वेळ घेतलीय. मेलेल्या उंदरांच्या उरलेल्या ऊती दुसऱ्या एका मुलीच्या प्रकल्पाला चालतील असंही कळलं, म्हणजे तिला वेगळे प्राणी घ्यावे लागणार नाहीत.

तिसरी मागणी मान्य झाली नाही. नकारात्मक निकाल आला, म्हणजे औषध लागू पडलं नाही, तरी तो प्रसिद्ध करायचाच असं मला आधी ठरवून हवं होतं, नाहीतर पुढची कुणीतरी तेच करणार, पुन्हा तेवढेच उंदीर. मॅडम म्हणाल्या तेव्हा बघू. यावर मी पुन्हा बोलणार आहे.

घरीही या वेळी नीट सांगितलं, काय करते आणि का करते ते. आईने विचारलं की भूल देता ना. हो म्हटलं. ती एवढंच बोलली, पण तिने विचारलं हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक कामाचा प्रश्न, अणुरेणू किंवा कुणीही. मंजूर झालेल्या फॉर्म बी मध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) ग्रुप कमी करायचा आणि थांबण्याचे निकष बदलायचे तर नवीन अर्ज करायचा का?

अणुरेणू

बहुतेक ठिकाणी दुरुस्ती म्हणून समितीपुढे ठेवता येतं, सुधारित आराखडा आणि बदलाचं कारण जोडायचं, पण तुमच्या संस्थेच्या समितीच्या सचिवांना विचारून घे कारण पद्धत थोडी वेगळी असू शकते. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत नव्या पद्धतीने सुरू करू नकोस, बदल चांगला असला तरी. आणि नकारात्मक निकालाचा मुद्दा त्याच बैठकीत मांड, समितीत पशुवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि सामाजिक सदस्य असतो, त्यांना तो पटण्याची शक्यता जास्त.

कृष्णाकाठ

थांबण्याचे निकष लिहिताना उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं मोजमाप तयार आहे, डोळे बारीक होणं, कान मुडपून बाहेरच्या बाजूला वळणं, नाक-गाल चपटे दिसणं, प्रत्येकाला गुण द्यायचे. ते वापरा. लॅब असिस्टंटलाही शिकवा, दिवसभर जनावराजवळ तोच असतो.

सोनचाफा

हे माहीत नव्हतं, उद्याच बघते. आमचे असिस्टंट काका वीस वर्षं आहेत तिथे, त्यांना बहुतेक मोजमापाशिवायच कळत असेल, त्यांनाच आधी विचारते आणि मग लिहायला घेते.